पुलावरचा पाचवा सेकंद

दहा सेकंदांत माणूस काय काय करू शकतो, हे अख्ख्या मरोळमध्ये उर्सुला मिस्किटाइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिची नोकरीच ती होती. औद्योगिक वसाहतीत मिक्सर बनवणाऱ्या एका कारखान्यात ती टाइम-स्टडीला होती. म्हणजे गळ्यात स्टॉपवॉच अडकवायचं, हातात फॉर्म घ्यायचा आणि दिवसभर दुसऱ्यांच्या हातांकडे बघत उभं राहायचं. बुडाला चार स्क्रू लावणं, अकरा सेकंद. वायर ओवून गाठ मारणं, सात. एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही, दहा घ्यायची आणि सरासरी काढायची, हा त्या कामाचा पहिला धडा. लाइनवरच्या मुली तिला तोंडावर मॅडम म्हणत, आणि पाठीमागे जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घड्याळ समोर आलं की त्याच मुलींचे हात जड व्हायचे. स्क्रू नेमका तेव्हाच निसटून खाली पडायचा, पदराने घाम तेव्हाच पुसावासा वाटायचा. अकराचे सोळा दिसले तर उद्याचं टार्गेट तेवढं सैल लागतं, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. उर्सुलालाही माहीत होतं. ती मनातल्या मनात चार-पाच सेकंद कापून आकडा लिहायची आणि चेहरा दगडासारखा ठेवायची. फक्त स्क्रूच्या टेबलावरची प्रेमा एकदा फिसकन हसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कळतं आणि आम्हाला कळतं की तुम्हाला कळतं. मग हे नाटक कोणासाठी?" त्या दिवसापासून दोघींचं जमलं. कारखान्याबाहेर प्रेमा तिला अगं-तूगं करायला लागली.

अशा बाईच्या हाती तो खेळ पडला, ही मार्कसची करणी. मार्कस तिचा धाकटा भाऊ, बोटीवर स्टुअर्ड. त्र्याऐंशीच्या नाताळात सुट्टीवर आला तेव्हा कुठल्याशा परदेशी बंदरातून एक जाडजूड पुस्तक आणि डबीभर फासे घेऊन आला. फासेही कसले, एकाला चार बाजू, एकाला आठ, एकाला चक्क वीस. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने पंच व्हायचं आणि समोर काय दिसतंय ते सांगायचं. बाकीच्यांनी एकेक माणूस उभा करायचा आणि तो काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. गोष्टच ती, फक्त तिच्यातली माणसं सांगणाऱ्याचं ऐकत नाहीत.

पुस्तकातल्या मारामारीच्या प्रकरणात लिहिलं होतं की लढाईची एक फेरी म्हणजे एक मिनिट, आणि एका फेरीत योद्धा एक घाव घालतो. उर्सुलाने ते दोनदा वाचलं. "एका मिनिटात एक घाव? आमची प्रेमा एका मिनिटात पाच मिक्सरची बुडं बसवते. हा बाबा उरलेला वेळ काय करतो, विडी ओढतो?"

"मग तू कर ना नियम," मार्कस म्हणाला. एवढंच हवं होतं तिला.

फेरी तिने दहा सेकंदांची केली. कारखान्यातल्या एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे तक्ता आखला आणि प्रत्येक चालीला तिचे सेकंद लावले. वळणं, एक. बाण लावून सोडणं, चार. पडलेल्या माणसाने उठणं, सहा. हे आकडे तिने डोक्यातून काढले नाहीत हं. मार्कसला अंगणात उभं केलं, हातात आईची लाकडं फोडायची कुऱ्हाड दिली आणि फणसाच्या ओंडक्यावर दहा घाव घालायला लावले. तिसऱ्या घावापासून तो हसत सुटला, पाचव्याला शेजारची ग्रेस आंटी काय झालं म्हणून कुंपणाशी आली, पण उर्सुलाने दहाही रीडिंग घेतली. सरासरी तीन सेकंद: एकात उचलायची, दुसऱ्यात डोक्यावर, तिसऱ्यात लागणार. पंच मोठ्याने सेकंद मोजणार, आणि ज्याची चाल ज्या सेकंदाला पुरी होईल ती त्याच सेकंदाला लागू होणार. एकदा सुरू केलेला घाव मागे घ्यायचा नाही.

भांडण झालं ते बोलण्यावरून. उर्सुलाने 'बोलणं' या रकान्यात दोन सेकंद लिहिले होते. मार्कसने तिच्या हातातून पेन घेतलं, दोनवर काट मारली आणि शून्य लिहिलं.

"सगळ्याला वेळ लागतो रे," ती म्हणाली. "मोजला की कळतो."

"लागू दे. लढाईत एकमेकांना दोन शब्द सांगता येत नसतील तर कशाला लढायचं?" तो तक्त्यावर हात ठेवून बसला, आणि शून्य राहिलं ते राहिलंच.

खेळायला चौघं असायचे. उर्सुला पंच. मार्कसने आपल्या योद्ध्याला बर्नार्ड नाव दिलं, कारण ते त्यांच्या वारलेल्या वडिलांचं नाव. त्यावरून आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मेल्या माणसाला कशाला मारामारीत ओढता रे? जिवंतपणी त्यांनी कोंबडीसुद्धा कापली नाही." मार्कसचा शाळेपासूनचा दोस्त नंदू भांडुपहून यायचा. त्याचे वडील गुणाजी गिरणीत होते, संपानंतर घरी बसले. नंदू टेलिफोन दुरुस्तीला लागला होता. त्याच्या तिरंदाजाचं नाव खंडू, कोकणातल्या एका काकाचं, ज्याचा दगड म्हणे आयुष्यात कधी आंब्याला लागला नाही. आणि प्रेमाची रतन, दोरावरून चालणारी, कुलपं उघडणारी. मार्कस सुट्टीवर असला की दर रविवारी मिस्सा आणि जेवण आटोपलं की चौघं ओटीवर बसत आणि उन्हं उतरेपर्यंत उठत नसत.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत बोटीने मार्कसला सुट्टी नसताना घरी पाठवलं. रक्ताचा आजार. कुऱ्हाडीचे दहा घाव हसत घालणाऱ्या माणसाला मे महिन्यात बादली उचलवेना. ऑगस्टात इस्पितळाच्या जिन्यात डॉक्टरांनी उर्सुलाला बाजूला घेतलं. नाताळापर्यंत जाईल असं वाटत नाही, म्हणाले. तिने ते आईला सांगितलं नाही, मार्कसला तर नाहीच. घरी येऊन तिने त्याची खाट ओटीवर आणली, म्हणजे येणारे-जाणारे दिसतील, आणि रविवारची तयारी करायला घेतली.

त्या रविवारी खेळातले तिघं पुलाशी पोचले. रुंद खाडी, एकच लाकडी पूल आणि पुलावर राखणदार, दोन माणसांएवढा उंच. दोन वर्षांपासून ते या पुलाकडे येत होते. पलीकडे काय आहे ते उर्सुलाने कधीच सांगितलं नव्हतं.

"हा पूल मी ओलांडणार," मार्कस उशीला टेकून म्हणाला. "बाकी मग काही होऊ दे."

एवढी लढाई एरवी एका रविवारात उरकायची. आठ-दहा फेऱ्या, आरडाओरडा, चहा, संपलं. पण त्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या आणि उर्सुलाने वही मिटली. नियम जरा बारीक केलेत, म्हणाली. पुढच्या रविवारी दोन. सप्टेंबर सरता सरता एका रविवारी एक फेरी. पुलाची फळी ओली आहे का, वारा कुठून येतोय, राखणदाराची सावली कुठे पडते, सगळं ती सांगत बसायची. ऑक्टोबरात अर्धी फेरी. तिच्या मनाने एक हिशेब धरला होता, आणि तो वेडा आहे हे तिलाही दिसत होतं: लढाई चालू आहे तोवर मार्कसला रविवारची वाट बघायची आहे, आणि वाट बघणारा माणूस जात नाही. तिला भावाचा जीव वाचवायचा होता. हाताशी दुसरं काही नव्हतं.

नोव्हेंबरात ती सेकंदावर आली. एका रविवारी एक सेकंद.

प्रेमाने तिला जेवणाच्या सुट्टीत नळाशी गाठलं. "एक बोलू? राग मानू नको. तुझे हात जड झालेत."

"म्हणजे?"

"म्हणजे आमचे होतात ना घड्याळ बघून, तसे. आम्ही उद्याचं टार्गेट कमी लागावं म्हणून करतो. तू कशासाठी करतेस ते मला कळतंय गं." प्रेमाने ओला हात तिच्या खांद्यावर ठेवला. "पण त्याला दमायला होतं. परवा नंदूला म्हणत होता, पूल कधी पार होणार."

"पुलावरच तर आहे तो," उर्सुला म्हणाली आणि तिथेच, नळाशी, सगळ्या लाइनच्या देखत रडली. पाठीमागे तिला काहीबाही म्हणणाऱ्या मुली त्या दिवशी बाटल्या भरायला आल्या आणि न भरताच परत गेल्या.

रडून शहाणपण येतं असं नाही. तिने ते तसंच चालू ठेवलं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, फेरीच्या दुसऱ्या सेकंदाला, नंदूच्या खंडूचा बाण राखणदाराच्या गुडघ्यात बसला. ज्या काकाचं नाव खंडूला दिलं त्याला जन्मात जमलं नाही ते जमलं म्हणून नंदू ओटीवर नाचला. राखणदार गुडघ्यांवर आला. तक्त्याप्रमाणे त्याला उठायला सहा सेकंद लागणार होते, आणि पडलेल्यावर घाव घालायचा तर फासा टाकावा लागत नाही, तो लागतोच.

"कुऱ्हाड," मार्कस म्हणाला. आवाज खोल गेला होता. "तिसऱ्याला सुरू करतो. पाचव्याला लागेल."

राखणदारात किती जीव उरलाय हे फक्त पंचाच्या वहीत असतं, खेळणाऱ्यांना ते दाखवायचं नाही. उर्सुलाने वहीत बघितलं. चाळीसातले तीन उरले होते. आणि तक्त्याप्रमाणे कुऱ्हाडीचा घाव अगदी हलका बसला तरी चार घेतो. तिने वही छातीशी धरली.

पुढच्या रविवारी तिसरा सेकंद. बर्नार्डने कुऱ्हाड उचलली. मग एक रविवार मार्कसला ताप होता, कोणी खेळलं नाही. डिसेंबरचा पहिला रविवार आला तेव्हा मार्कस उशीला टेकू शकत नव्हता. नंदू त्याच्या मागे बसला आणि त्याला आपल्या छातीवर रेलून घेतलं. उर्सुलाने चौथा सेकंद मोजला. कुऱ्हाड डोक्यावर गेली. रतन दोराला लटकली होती, खंडू दुसरा बाण काढत होता, राखणदार एक हात टेकून वर बघत होता. तिने हे सगळं नीट, सावकाश सांगितलं आणि वही मिटली.

"आणि पाच," मार्कस म्हणाला.

"पुढच्या रविवारी."

"एक सेकंद, उर्सु."

"पुढच्या रविवारी म्हटलं ना. दमलास तू."

नंदूने तिच्याकडे बघितलं, प्रेमाने खाली बघितलं. मार्कसने डोळे मिटले आणि नंदूच्या छातीवर तसाच पडून राहिला.

बुधवारी सकाळी ती कामावर निघाली होती. साडीला पिन लावली, स्टॉपवॉच गळ्यात घातलं, ओटीवर येऊन त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. सात चाळीस झाले होते. मार्कस जागाच होता.

"खेळू नको," तो म्हणाला. तिला वाकावं लागलं ऐकायला. "नुसतं सांग. मरतो का तो?"

ती हसली. हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं, की आपण हसलो. "फुकट नाही सांगणार. रविवारी," ती म्हणाली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि चपला घालून निघाली. विचारायला काहीतरी उरलंय तोवर हा राहील, असं तिला त्या क्षणी अगदी खरोखर वाटलं होतं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला ती प्रेमाच्या टेबलाशी रीडिंग घेत असताना शिपाई बोलवायला आला. सातवं रीडिंग चालू होतं.

पुढचे दिवस घरात माणसं होती, प्रार्थना होत्या, शेजाऱ्यांकडून येणारे डबे होते. सातव्या दिवसाची मिस्सा झाली. त्यानंतरच्या रविवारी दुपारी नंदू आणि प्रेमा आले. ओटीवरची खाट काढलेली नव्हती. आई काढू देत नव्हती. तिघं आपापल्या जागी बसले.

"ताई," नंदू शेवटी म्हणाला, "तो एक सेकंद खेळून टाकूया. त्याचा घाव हवेत आहे गं. मला झोप येत नाही."

"फासा नकोच आहे," प्रेमा म्हणाली. "पडलेल्याला लागतोच. किती जीव आहे त्याच्यात तेवढं बघ."

उर्सुलाने वही उघडून नंदूच्या हातात दिली. पंचाची वही दुसऱ्याच्या हातात जाण्याची ही पहिलीच वेळ. नंदूने आकडा वाचला. त्याने तक्त्यात कुऱ्हाडीचा रकाना बघितला आणि परत आकडा वाचला.

"हे केव्हापासून?"

"तुझा बाण लागला तेव्हापासून."

"म्हणजे तुला माहीत होतं. त्या रविवारी तो माझ्या छातीवर पडला होता, एक सेकंद मागत होता, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

नंदूचा चेहरा वाकडा झाला. त्याने वही खाटेवर ठेवली, फेकली नाही, पण फेकली असती तर बरं, असं उर्सुलाला वाटलं. "तू त्याला जिंकू दिलं नाहीस," तो म्हणाला. "आयुष्यात त्याला दुसरं काय जिंकायचं राहिलं होतं?"

"नंदू," प्रेमा म्हणाली.

"नाही, बोलू दे मला. जिंकला असता तो! हातात होतं हिच्या." तो पायरीवर जाऊन बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून लहान मुलासारखा रडला. प्रेमा त्याच्यामागे गेली. थोड्या वेळाने ती त्याला बस स्टॉपपर्यंत सोडायला घेऊन गेली. जाताना नंदूने मागे वळून बघितलं नाही, आणि उर्सुलाला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

ती खाटेशी स्टुलावर बसली. ऊन अजून ओटीच्या फरशीवर होतं. तिने पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला, स्टॉपवॉच हातात घेतलं आणि अंगठा बटणावर ठेवला.

"मेला तो, मार्कस. तू मारलास."

दोन सेकंद आणि एक पंचमांश. तिने आकडा लिहिला. एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. तिने काटा मागे आणला आणि परत म्हटलं. दोन. परत म्हटलं. दोन आणि दोन पंचमांश. सहाव्याला ती मार्कसच्या नावावर अडली आणि चार सेकंद लागले. बिघडलेलं रीडिंग धरायचं नसतं म्हणून तिने त्यावर काट मारली आणि सहावं नव्याने घेतलं. सात, आठ, नऊ.

"कोणाशी बोलतेस?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पिठाचे होते. तिने फॉर्मकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, रिकाम्या खाटेकडे बघितलं आणि येऊन खाटेच्या कडेला बसली. या खेळाबद्दल आईने तीन वर्षांत ओरडण्यापलीकडे कधी एक शब्द विचारला नव्हता.

"काय झालं गं त्या पुलावरच्याचं?" तिने विचारलं. "बुधवारी दुपारभर मला विचारत होता. मी म्हटलं, मला काय कळतंय बाबा तुमचं, उर्सु आली की तिला विचार. मग म्हणाला, नको, ती नाही सांगायची."

उर्सुलाचा अंगठा बटणावरच होता. सवयीने दाबला गेला.

"मेला तो, आई. मार्कसने मारला."

तिने बटण परत दाबलं. आईने पिठाच्या हाताने क्रुसाची खूण केली, कोणासाठी ते तिचं तिला ठाऊक, आणि उशीचा अभ्रा सारखा करत बसली. उर्सुलाने दहावा आकडा लिहिला आणि सरासरी काढली. दोन सेकंद, वर थोडंसं. शेजारी जुना तक्ता पडला होता, त्यात तिच्या दोनवर काट होती आणि बाजूला मार्कसच्या हाताचं मोठं गोल शून्य. कारखान्याचा भोंगा आठला व्हायचा. घरापासून कारखाना चालत दहा मिनिटं. बुधवारी ती सात चाळीसला निघाली होती.